राहिलेला डाग

१

वेल्ह्यात एसटी थांब्याच्या पलीकडे स्वरूपचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतावरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की लोक त्या टेम्पोत घालून, वीज मंडळाला शिव्या देत त्याच्याकडे आणत. तो जळकी तार खेचून काढायचा, नवी भरायचा, वार्निश चढवायचा आणि मोटार परत पाठवायचा. त्या वार्निशचा वास त्याच्या अंगात असा मुरला होता की बायको म्हणायची, "तुमी अंधारात आला तरी वळखू येता."

बायको रत्ना. तिला सातवा महिना चालू होता. दमा तिने माहेराहून आंदण आणल्यासारखा सोबत आणला होता, आणि त्यांचं घर होतं त्या पासलीच्या डोंगरात थंडी पडली की तो तिच्या छातीवर बसायचा. डॉक्टरीणबाईंनी तोंडात मारायचा पंप दिला होता. पोटातल्या बाळाला त्याने काही होत नाही, असं पुन्हा पुन्हा बजावलंही होतं. पण रत्नाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं आणि त्याचं खापर तिने पंपावर फोडलं होतं. श्वास अडकून डोळे पांढरे व्हायला लागले तरच ती पंपाला हात लावायची. स्वरूपचा जीव तिच्या त्या एकेका श्वासात अडकलेला असायचा. त्याला बायको हवी होती, आणि या खेपेला मूलही हवं होतं.

अशात पानशेतला धरणाकाठी बंगला असलेल्या शेफालीबाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात मक्याच्या कणसाएवढं एक यंत्र होतं. त्यात वाळका पाला भरायचा आणि बटण दाबायचं, की आतली कॉईल तापायची. पाला जळत नसे, नुसता तापे, आणि त्याची वाफ ओढायची.

"औषधी पाला असतो हो," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

कसला पाला ते स्वरूपने विचारलं नाही. मोटारीचं पोट असो की गिऱ्हाइकाचं, गरजेपुरतंच उघडावं असं त्याचं धोरण होतं. त्याने यंत्र उघडलं, तुटलेली कॉईल काढली, नवी तार गुंडाळून बसवली. बाई खूश होऊन गेल्या. स्वरूप मात्र बाकड्यावर तसाच बसून राहिला. धूर नाही, जाळ नाही, नुसती पाल्याची वाफ. यात तुळस घातली तर?

२

सोपं वाटलं होतं, पण तारेने त्याला रडवलं. जुन्या शेगडीची तार जाड पडली आणि बॅटरी बसली. इस्त्रीतली तार पातळ पडली, लाल होऊन तुटली. कधी तुळशीचा कोळसा व्हायचा, कधी पानं कोमटसुद्धा व्हायची नाहीत. तार बरी मिळाली तेव्हा ती कशावर गुंडाळावी हा प्रश्न आला. खिळा बारीक, पेचकस जाड. कॉईल चिनी मातीच्या नळीत घट्ट बसली पाहिजे, नाहीतर काही खरं नाही.

शेवटी त्याला आढ्यात खोचलेली सळई आठवली. ती त्याच्या बापाची डागणी होती.

गेनूआबा अख्ख्या खोऱ्यात डाग देण्यासाठी माहीत होता. पोटदुखी असो, कावीळ असो, दमा असो, माणसं त्याच्या अंगणात येऊन आडवी व्हायची. सळई लाल व्हायची, चौघं जण हातपाय दाबून धरायचे, आणि आबा कातडीवर एकाखाली एक रेघा ओढायचा. आरोळी डोंगरावर आपटून परत यायची. आबाचा एक नेम होता, आणि तो त्याचा अभिमानही होता. "एका जिवाला एकच बारी. दुसऱ्यांदा डागणारा तो कसाई."

रत्ना लग्न होऊन आली, तिचा दमा आबाने पहिल्याच थंडीत ओळखला आणि सळई चुलीत घातली. तेव्हा स्वरूप पहार घेऊन दारात आडवा उभा राहिला होता. आयटीआय शिकलेला गडी तो, बायकोला गुरासारखं डागू देणार होता का? आबाने सळई चुलीतून काढून आढ्यात खोचली. पण गेल्या माघात मरताना, शेवटचं पाणी तोंडात घेऊन तो एवढंच पुटपुटला होता, "सूनबाईचा डाग राहिला."

डागणी राखेबरोबर डोहात सोड, असं आईने, बनाबाईने, स्वरूपला बजावलं होतं. त्याने राख सोडली आणि सळई ठेवून घेतली. असलं पोलाद हल्ली मिळतं कुठं?

सळईवर तारेचे पाच वेढे बसले. जणू मापच घेऊन केलेली. बॅटरी, बटण, काचेची नळी असं सगळं जुळलं आणि सकाळच्या उन्हात पायरीवर बसून रत्नाने वाळक्या तुळशीची पहिली वाफ ओढली. घरघर थांबली. ती कितीतरी वेळ नुसता श्वास घेत बसली, गोड पदार्थ चाखावा तसा. स्वरूपला इतका आनंद झाला की तो उगाच अंगणात जाऊन लाकडं फोडून आला.

३

त्याच वेळी वास आला होता. तो तुळशीचा नव्हता आणि वार्निशचाही नव्हता. केस जळल्याचा होता.

स्वरूपने यंत्र हुंगलं. त्यात काही नव्हतं. तेवढ्यात घरामागून कुत्र्याची किंकाळी आली. घरचाच खंड्या परसातून सुटला तो स्वतःचीच कूस चावत, गोल गोल फिरत, तुळशीवृंदावनावर आपटला. तोंडातून फेस आणि रक्त येत होतं. धरायला गेलेल्या स्वरूपच्या मनगटाचा त्याने लचका तोडला आणि तो गवताच्या गंजीखाली शिरला.

संध्याकाळी तो शांत झाल्यावर पाहिलं. त्याच्या कुशीवर पाच रेघा होत्या. सारख्या अंतरावर, एकाखाली एक, कातडी पांढरी पडलेली.

"कुण्या बेण्यानं तापलं उलथनं लावलं आसंल," बनाबाई म्हणाली. मग तिने रेघा पुन्हा पाहिल्या आणि ती घरात निघून गेली.

उलथनं. असेलही. गावात टवाळ पोरांना काय तोटा? स्वरूपने मनगटाला हळद लावली. पण उलथन्याने अशा रेघा कशा उठतील, हा विचार मात्र दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला पोहोचेपर्यंत त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आला.

४

त्या एका वाफेचा गुण कितीतरी दिवस टिकला. मग थंडी वाढली, आणि पाच वेढ्यांची धग आता पुरणार नाही असं वाटलं. स्वरूपने कॉईल सोडवली आणि त्याच सळईवर सात वेढ्यांची नवी बांधली.

रत्नाने यंत्र तोंडाला लावलं आणि गोठ्यात म्हैस ओरडली. म्हैस हंबरते, रेकते. ही माणसासारखी ओरडली. दाव्यासकट खुंटा उपटून, कुडाची भिंत फोडून ती अंगणात आली, पाण्याचं पिंप तिने उडवलं आणि समोरच्या रखमाजीच्या दगडी भिंतीवर सगळ्या जोराने डोकं घातलं. एक शिंग मुळापासून मोडलं. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. तरी ती थांबेना, पुन्हा मागं सरकून पुन्हा डोकं आपटत राहिली. तीन माणसांनी दोर टाकून तिला आडवी केली तेव्हा कुठं तिचे पाय झाडायचे थांबले.

तिच्या पाठीवर रेघा होत्या. स्वरूपने बोट ठेवून मोजल्या. सात.

सहा असत्या तरी त्याने मनाची समजूत काढली असती. सात म्हटल्यावर त्याचं डोकं फिरलं. आपल्या कॉईलचे वेढे किती, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक? म्हणजे कुणीतरी दुकानात डोकावत असणार, मुद्दाम करत असणार. आणि नेमका रखमाजी त्याच्या अंगणात शेकोटीपाशी उभा होता, हातात लोखंडी चिमटा. बांधावरून दोघांत जुनं वैर होतंच.

स्वरूपने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. दाव्याचा तुटका दोर हाताला गुंडाळून त्याने रखमाजीच्या तोंडावर ठोसा घातला. म्हातारा शेकोटीत पडता पडता वाचला. स्वरूप त्याच्या छातीवर बसून मारतच राहिला, दाताचा तुकडा त्याच्या बोटात रुतला तरी. लोकांनी ओढून काढलं तेव्हा रखमाजी तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "तुज्या म्हशीला डागाया मला काय याड लागलंय? आरं, डागायचं काम तुमच्या घरचं. आमच्या न्हवं."

ही चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, हे स्वरूपला त्याच क्षणी कळलं. त्याला लाज वाटली. पण लाजेच्याही खाली दुसरंच काहीतरी वाटत होतं, आणि त्याकडे बघायची त्याची तयारी नव्हती.

५

बनाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. रत्ना मागच्या पडवीत होती, यंत्राचं बटण दाबल्याचा बारीक टिक आवाज स्वरूपने ऐकला. वास आला. आणि आई पुढे कोसळली, तापल्या तव्यावर दोन्ही तळवे टेकून.

त्याने तिला मागे ओढलं. तळव्यांची कातडी तव्याला चिकटून राहिली होती. पण बनाबाई हाताकडे बघत नव्हती. "पाठ," ती किंचाळत होती, "आरं, माजी पाठ!"

चोळी वर करून पाहिलं. सात रेघा होत्या, ताज्या, ओल्या. चोळीचं कापड मात्र जसंच्या तसं होतं. एक धागा करपला नव्हता.

रत्ना दारात आली. तिचे गाल कधी नव्हे ते लाल होते, श्वास मोकळा चालला होता. "आत्याबाई, काय झालं वो?" तिने विचारलं. स्वरूपने तिला तेल आणायला पाठवलं.

बनाबाईने त्याचा सदरा आपल्या सोललेल्या हाताने धरला. "खरं सांग. डागणी डोहात सोडलीस न्हवं?"

स्वरूपची नजर आढ्याकडे गेली.

"म्या कुत्र्यालाच वळखलं हुतं," ती म्हणाली. "ही तुज्या बापाची रेघ हाय. तिचा दमा काढतुयास, पर डाग चुकवून. डाग कुणीतरी सोसायचाच आसतो बाबा. घरातला डाग घरातच फिरतो. तिला बशीव हितं, हात धर, आन् मोकळं कर ह्या घराला."

"आई, बास."

"आरं, येकदाच."

"तिला सातवा महिना हाय! मरंल ती. आन् म्या न्हाई तसला." आपण भुताखेतावर बोलतोय की बायकोवर, हे त्याचं त्यालाच उमजेना. कॉईल तापते ती विजेने. वीज तारेतून वाहते, माणसाच्या पाठीतून नाही. हे त्याने स्वतःला दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही.

त्याच दुपारी त्याने सळई डोहात फेकली. बनाबाई हाताला फडकी बांधून, लेकीकडे शिवऱ्याला निघून गेली. जाताना तिने सुनेच्या पोटावरून बांधल्या हाताने एकदा माया केली आणि ती रडली.

६

स्वरूपने पेचकसावर नवी कॉईल बांधली. तार तीच, वेढे सातच. पहिल्याच ओढीला करपट धूर आला आणि रत्ना खोकून खोकून निळी पडली. त्याने ती कॉईल मोडून टाकली. जुनी मोडायलाही हातोडा उचलला होता, पण रत्नाचे ते लाल गाल आठवले आणि हात खाली आला. जुनी कॉईल पुन्हा बसवून यंत्र त्याने बिस्किटाच्या डब्यात घालून फळीवर ठेवलं आणि रत्नाला "बिघडलंय" म्हणून सांगितलं. खरं काय ते सांगितलं नाही. दमेकरी, गरोदर बाईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुकानात तो मोटारीत तार भरत होता. छातीवर, डाव्या बाजूला, आधी नुसतं ऊन लागल्यासारखं वाटलं. मग पहिली रेघ बसली.

तो ओरडला की नाही, त्याला आठवत नाही. बाकडं उलटलं, मोटारीचा लोखंडी गाभा पायाच्या बोटांवर पडला आणि बोटं चेचली, ते त्याला जाणवलंसुद्धा नाही. दुसरी, तिसरी. कुणीतरी शांतपणे, घाई न करता, खाली खाली सरकत होतं. फरशीवर पालथा पडून त्याने तोंडात तारेचं भेंडोळं कोंबलं आणि चावलं. जिभेतून रक्त आलं. बापाच्या अंगणात आडवी झालेली माणसं त्याने लहानपणी कुंपणापलीकडून पाहिली होती. ती इतकं सोसत होती, हे त्याला आज कळलं.

थांबल्यावर त्याने सदरा उघडला. सदरा शाबूत होता. रेघा मोजायची गरज नव्हती, तरी त्याने मोजल्या.

फोन वाजला. रत्ना होती. "अवो, यंत्र चालतंय की! म्या डबा काढला. लई दम लागला हुता, आता येकदम मोकळं वाटतंय. रागावू नगा."

स्वरूपला हसू आलं. रक्ताळल्या तोंडाने तो खरंच हसला. डाग त्याच्यावर आला होता. कुत्र्यावर नाही, आईवर नाही, त्याच्यावर. हे तर परवडलं. बाळ होईपर्यंत रोज आला तरी तो सोसायला तयार होता. लंगडत त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या मनावरचं ओझं हलकं झालं.

७

त्या सकाळी पासलीवर धुकं असं बसलं होतं की समोरची रखमाजीची भिंतही दिसत नव्हती. रत्नाचा श्वास पहाटेपासून अडकत होता. या खेपेला तिने आपण होऊन पंप मागितला, पण तो सगळा संपलेला निघाला. स्वरूपने वेल्ह्याहून जीप बोलावली होती. जीपवाला म्हणाला, धुक्यात घाट हळू चढावा लागेल, निघालोय. रत्नाचे ओठ जांभळे व्हायला लागले. तिने फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

स्वरूपने डबा काढला. तुळस भरली. मग दार आतून लावलं, अंगातला सदरा काढला आणि उघड्या छातीने तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"सदरा... कशापायी... काडला?" तिने कसंबसं विचारलं.

"तू वढ. माज्याकडं बगू नगंस."

त्याने उजव्या हाताने खाटेचा पाय घट्ट धरला, दातात टॉवेल घेतला. टिक. कॉईल तापल्याची बारीक सळसळ आली. रत्नाने वाफ ओढली. स्वरूपने डोळे मिटले आणि छाती पुढे केली.

काहीच झालं नाही.

तिने पुन्हा ओढलं. त्याची जुनी जखमसुद्धा दुखेना. चुलीतलं लाकूड तडतडलं, पत्र्यावरून दवाचे थेंब पडत होते. स्वरूपने डोळे उघडले. हलकं वाटू लागलं, अगदी हसू फुटायच्या बेतात आलं, की संपलं वाटतं एकदाचं.

मग वास आला.

खंड्या दाराबाहेर स्वस्थ निजला होता. त्याला त्या दिवसानंतर पुन्हा काही झालं नव्हतं. म्हशीलाही नाही. आईलाही नाही. ज्याला एकदा बसला, त्याला पुन्हा बसला नव्हता. स्वरूपच्या कानात बापाचा आवाज आला, नेहमीचाच, अभिमानाचा. एका जिवाला एकच बारी.

घरात आता जीव कोण राहिला होता?

"रत्ना, थांब!" टॉवेल थुंकून त्याने झडप घातली. यंत्र तिच्या हातातून उडालं, भिंतीवर आपटून फुटलं, लालभडक कॉईल शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडून धुपत राहिली. त्याने ती अनवाणी पायाने चिरडली. तळवा भाजला तरी तो चिरडतच राहिला.

"आई गं!" रत्नाने दोन्ही हात पोटावर घेतले. पदर सरकला होता. ताणलेल्या, गुळगुळीत कातडीखाली काहीतरी आतून जोरात उसळलं. एकदा, पुन्हा एकदा, मग सारखं, कोंडलेल्या प्राण्यासारखं. वर कुठे डाग नव्हता, लालीसुद्धा नव्हती. फक्त एक क्षण आतून रेघा वर आल्या, एकाखाली एक, आणि दिसल्या न दिसल्या तोच मावळल्या. स्वरूपने मोजल्या नाहीत.

त्याने पोटावर हात ठेवला. मग कान ठेवला. रत्नाच्या छातीतली हवा आता खोल, संथ, मोकळी ये-जा करत होती आणि दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. तिचे गाल लाल झाले होते. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"मगापासनं लई लाता मारत हुतं," ती म्हणाली. "आता निजलं वाटतं."

बाहेर धुक्यात जीपचा हॉर्न वाजला.

"गाडी माघारी लावून द्या की," रत्ना म्हणाली. "आता मला काय बी हुईत न्हाई."